किनाऱ्याचे पाहुणे

मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, दाभोळ ही नावे आपल्या वाचकांपैकी अनेकांना नात्यातली वाटतील. कुणाचे आजोळ तिथे आहे, कुणाची सासुरवाडी. कुणाचे नाना जहाजावर खलाशी होते, कुणाचे मामू आखातात नोकरीला गेले. कोकणी मुस्लिम घरांत समुद्र म्हणजे मासळी, समुद्र म्हणजे बोट, आणि समुद्र म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणे. लग्नाला किंवा उरुसाला गेलो की किनाऱ्यावर एक चक्कर होतेच. मुले पाण्यात धावतात, पुरुष गप्पा मारतात, बायका पिशव्या आणि चपला सांभाळत बसतात, आणि मगरिबच्या आत सगळे परत. त्या वाळूवर आपल्याखेरीज आणखी कोण राहते, हे पाहण्यासाठी म्हणून आपण सहसा जात नाही.

यंदा ईदनंतरच्या सुट्टीत आम्ही तेवढ्यासाठीच निघालो. आम्ही दोघे शिक्षक, तीन मुले आणि मुलांची दादी. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडपासून सुरू करून रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने खाली जायचे, वाटेत दोन खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने ओलांडायच्या, आणि वेळासला समुद्री कासवांची पिल्ले पाहायची, असा बेत होता. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्ले बाहेर पडण्याचा काळ. गेली काही वर्षे रमजान याच दिवसांत येतो आहे. रोजे ठेवून उन्हातला सफर दादीला झेपला नसता, म्हणून ईद होऊ दिली.

नवाबांचे रान

जुम्याची नमाज मुरूडमध्ये अदा करून आम्ही तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी फजरनंतर लगेच फणसाड अभयारण्यात पोहोचलो. मुरूड म्हटले की सगळे जंजिरा किल्ला पाहून परततात. फणसाड तिथून जवळ आहे, पण तिकडे वळणारे थोडे.

या जंगलाचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल. हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. नवाबांखेरीज इथे कुणी बंदूक चालवायची नाही, कुणी झाड तोडायचे नाही. शिकारीसाठी का होईना, रान राखले गेले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडत गेले तरी हा तुकडा हिरवा राहिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जिथे एकेकाळी नवाबांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, तिथे आज शाळेतले पोर तिकीट काढून जाते.

इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणगाण अशी त्यांची नावे. एप्रिलमध्ये बाकीचे पाणी आटते आणि जनावरे या गाणांकडे येतात. आम्हाला सांबर दिसले नाही, ओल्या चिखलात त्याचे खूर मात्र उमटलेले होते. वाटाड्याने एका वेलीकडे बोट दाखवले. माणसाच्या मांडीएवढे खोड आणि हातभर लांबीच्या, तलवारीसारख्या शेंगा. ही गारंबी.

मग त्याने हात वर करून आम्हाला थांबवले. उंच फांदीवर तपकिरी-लाल अंगाचा, झुपकेदार लांब शेपटीचा प्राणी बसला होता. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. दादी हळूच म्हणाली, “अल्लाह, एवढी मोठी खार!” शेकरूने आमच्याकडे पाहिले आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अशी उडी घेतली की धाकटीने श्वास रोखून धरला. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तरच त्याचा रस्ता शाबूत राहतो. मधली झाडे तुटली की त्याचा रस्ता तुटतो. हे मुलांना पुस्तकातून शिकवताना आम्हाला दहा वाक्ये लागतात. तिथे एक उडी पुरली.

जेटी आणि वाळूच्या गोळ्या

आगरदांड्याहून जेटीत गाडी घातली आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरलो. पाण्यावरून दूर जंजिऱ्याचे बुरूज दिसत होते. दिघीहून दिवेआगर. इथला किनारा लांबलचक आणि सरळ आहे, मागे सुरूची झाडे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागाचे फार नुकसान झाले. नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यावर फळ धरायला कित्येक वर्षे जातात, म्हणजे एका दुपारच्या वाऱ्याने माणसांची वर्षे नेली. दादीचे माहेर म्हसळ्याचे, त्यामुळे तिला तिथल्या वाड्या ठाऊक होत्या. रस्त्याकडेने नव्याने लावलेली रोपे दिसली की ती मुलांना मोजायला सांगत होती.

दिवेआगरला ओहोटी होती. ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या पसरलेल्या होत्या. मोहरीपेक्षा मोठ्या, वाटाण्याहून लहान, आणि प्रत्येक बिळाभोवती नक्षी काढावी तशा रांगेत. मधल्याला वाटले कुणीतरी खेळून गेले. आम्ही त्याला गुडघ्यावर बसून, न हलता पाहायला सांगितले. दोन-तीन मिनिटांत बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालायची, तिच्यातले बारीक अन्न खायचे, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. भरती आली की सगळ्या गोळ्या विरघळतात, आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामाला लागतो.

तेवढ्यात एक मोटार वाळूवरून भरधाव गेली. काचा खाली, गाणी मोठ्याने. चाकांच्या दोन पट्ट्यांत गोळ्याही राहिल्या नाहीत आणि बिळेही. मधला काही बोलला नाही, पण पुढे हरिहरेश्वरपर्यंत तो गप्प होता.

हरिहरेश्वरला लाटांनी कापलेले कातळ पाहण्यासारखे आहेत. मात्र तिथल्या ओल्या कातळावर फोटोसाठी पुढे जाऊ नये. शांत दिसणारा समुद्र अचानक मोठी लाट आणतो आणि माणसे ओढली जातात. आम्ही दुरूनच पाहिले आणि बागमांडल्याला दुसरी जेटी पकडली. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. खाडीच्या तोंडावर बाणकोटचा किल्ला आहे. त्याचे जुने नाव हिम्मतगड. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी तो घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. खाडीकाठच्या चिखलात खारफुटी उभी होती. तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान मिळाला आहे. माशांची आणि कोळंबीची पिल्ले या मुळांच्या आडोशाने वाढतात. ताटातली कोळंबी कुठून येते, याचे अर्धे उत्तर त्या चिखलात आहे.

वेळासचे पहारेकरी

वेश्वीला उतरून बाणकोटमार्गे वेळासला पोहोचलो तेव्हा अस्रची वेळ झाली होती. मंडणगड तालुक्यातले हे छोटे गाव, नाना फडणवीसांचे मूळ गाव. हॉटेले नाहीत, गावकऱ्यांच्या घरीच उतरायचे. जेवण शाकाहारी. घरच्या वहिनींनी आमचे कपडे पाहून आपण होऊन विचारले, “नमाजला जागा लागेल ना? माजघर पुसून ठेवते, चटई आहे.” दादीची निम्मी चिंता तिथेच मिटली.

इथली गोष्ट २००२ पासूनची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची पाहणी करत या किनाऱ्यावर आले होते. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. मादी कासवे इथे अंडी घालतात हे त्यातून कळले, आणि बरीच अंडी माणसे काढून नेतात हेही कळले. संस्थेने गावाला बरोबर घेतले. ज्यांना अंडी कुठे असतात ते नेमके ठाऊक होते, तेच राखणदार झाले. आज वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र कोकण किनाऱ्यावर अनेक ठिकाणी हे काम करतात.

काम असे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हातभर खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून समुद्रात परत जाते आणि पुन्हा मागे वळून येत नाही. पहाटे कासवमित्र ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला तिचा माग शोधतात. कोल्हे-कुत्र्यांच्या आधी अंडी काढून, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवतात. वर तारखेची पाटी. पुढे ४५ ते ६० दिवस राखण.

त्या संध्याकाळी कुंपणाजवळ शंभरएक माणसे जमली होती. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे समुद्रापर्यंत मोकळी वाळू. कासवमित्राने घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, शेवटचीही रिकामी. “आज नाही,” तो म्हणाला.

गर्दी कुरकुरली. एक गृहस्थ पुढे झाले. “आम्ही पुण्याहून आलोय. उद्या पहाटे परत जायचंय. पाटीवरची तारीख तर होऊन गेलीय. एक घरटं जरा उकरून दाखवा ना, पोरांचा हिरमोड नको.” आणखी दोघा-चौघांनी दुजोरा दिला. खरे सांगायचे तर आमच्या मुलांच्या चेहऱ्यावरही तेच होते.

कासवमित्र तिशीतला असेल. आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, अंडं फुटलं तरी पिल्लू चार-पाच दिवस आतच असतं. पोटाला चिकटलेला बलक जिरतो, अंगात ताकद येते, मग सगळी मिळून वाळू सारत वर येतात. आधी काढलं तर ते पाण्यापर्यंत पोचेल, पण पुढे पोहायला ताकद नसेल. टोपली उचलणं माझ्या हातात आहे, पिल्लू बोलावणं नाही.”

गृहस्थ क्षणभर थांबले, मग मुलाला खांद्यावर घेऊन म्हणाले, “चल, निदान सूर्यास्त बघू.” गर्दी पांगली. आमची धाकटी रुसली होती. दादीने तिला जवळ घेतले. “बेटा, सब्र. बच्चा आपल्या वेळेवर जन्मतो. तुझ्या वेळी तर तुझ्या अब्बूंनी दवाखान्यात दोन दिवस काढले.”

रात्री वहिनींशी बोलणे झाले. पाहुण्यांचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. त्या पैशांत शाळेची फी, घराची डागडुजी, औषधपाणी निघते. “पूर्वी अंड्याचे चार पैसे एकदाच मिळायचे,” त्या म्हणाल्या, “आता कासव दरवर्षी देतं. पण माणसं नाराज होऊन गेली की भीती वाटते. उद्या कुणी पाहुण्यांसाठी म्हणून वेळेआधी टोपली उकरली, तर संपलंच.”

तेव्हा जाणवले की त्या संध्याकाळी किनाऱ्यावर पणाला काय लागले होते. पाहुणे आले म्हणून कासव वाचले, हे खरे. आणि पाहुण्यांच्या हट्टापायी, त्यांच्या विजेऱ्यांमुळे, गाड्यांमुळे, कचऱ्यामुळे ते जाऊही शकते, हेही खरे. मधे उभा असतो तो ‘आज नाही’ म्हणणारा एक माणूस, आणि ते ऐकून घेणारे आपण.

सकाळ

फजर माजघरात अदा करून आम्ही अंधुक उजेडात निघालो. गर्दी निम्मी झाली होती. सुरूच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसला होता, ज्याच्या शोधात माणसे आली आणि त्यांना कासव सापडले, तोच पक्षी. म्हाताऱ्या माणसांना कासवमित्राने पुढे बोलावले. दादी दोरीला लागून वाळूत बसली.

तिसरी टोपली उचलली आणि वाळू हलत होती. एकामागून एक, अकरा पिल्ले. बोटभर लांबीची, कोळशाच्या रंगाची. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडले. थेट पाण्यात का सोडत नाहीत, असे मोठ्याने विचारले. ही मादी मोठी झाली की अंडी घालायला आपल्या जन्माच्या परिसरात परतते. त्या किनाऱ्याची ओळख पिल्लू पहिल्या प्रवासातच मनात साठवते असे मानले जाते. म्हणून ते अंतर त्याचे त्यानेच चालायचे.

कुणी बोलत नव्हते. एक पिल्लू पावलाच्या खळग्यात पडले, उलटे झाले, धडपडून सुलटे झाले. धाकटीचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो स्वतःच मागे घेतला. पहिली लाट आली आणि पिल्लू मागे फेकले गेले. दुसरी आली आणि ते दिसेनासे झाले. अकरापैकी किती जगतील? हजारात एखादे मोठे होते असे म्हणतात. दादीने ओठातल्या ओठात काही म्हटले. मुलांनी विचारले तेव्हा म्हणाली, “सफरला निघणाऱ्याला दुआ देतात ना, तीच दिली.”

हा सफर केवढा असतो, ते अलीकडे कळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव प्रथमा. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असे मानणाऱ्या अभ्यासकांना त्या एका कासवाने पुन्हा विचार करायला लावले.

धोके कमी नाहीत. वाळू फार तापली की अंड्यांतून माद्याच जास्त निघतात, थंड राहिली की नर. उन्हाळे असेच वाढत गेले तर हा तोल बिघडेल. धूप थांबवायला जिथे दगडी बंधारे घातले जातात, तिथे मादीला वाळूवर चढताच येत नाही. पिल्ले उजेडाकडे जातात. रात्री समुद्रावरचे आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते म्हणून ती पाण्याकडे वळतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी ती उलट रस्त्याकडे चालू लागतात. जाळ्यात अडकून मोठी कासवे गुदमरतात, कारण श्वासासाठी त्यांना वर यावेच लागते. राज्य शासनाने २०१८ पासून असे संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना आणली आहे. आपल्या दालदी मच्छीमार बांधवांपैकी ज्यांना ती माहीत नसेल, त्यांना जरूर सांगावी.

परतण्यापूर्वी केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्यावर गेलो. बाबांना छत्रपती शिवाजी महाराज मानत असत, दर्ग्याला त्यांनी जमीन इनाम दिली होती. केळशीच्या किनाऱ्यावरही कासवे येतात. म्हणजे उरुसाला जाणाऱ्या कितीतरी घरांच्या वाटेवरच ही वाळू आहे. तिथून मंडणगड, महाडवरून घरी.

जाणाऱ्यांसाठी

वेळासला जाण्यापूर्वी फोन करून घरगुती मुक्काम ठरवावा, कारण गावात ऐनवेळी सोय होत नाही. एक रात्र ठेवू नये, दोन ठेवाव्यात. एका संध्याकाळी ‘आज नाही’ ऐकावे लागले तर मन मोठे राहते. पिल्ले सोडण्याची वेळ साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाची, त्यामुळे फजर आणि मगरिब दोन्ही वेळेवर होतात. विजेरी आणि मोबाइलचा फ्लॅश बंद. पिल्लाला हात नाही. गाडी वाळूवर नाही. आपला कचरा आपल्या पिशवीत परत. फणसाडला पहाटे जावे, पाणी भरपूर घ्यावे, वेळा आणि वाटाड्याबद्दल वन विभागाकडे आधी विचारावे.

मुंबई-ठाण्याच्या घरांना एवढे लांब जमत नसेल तर ठाणे खाडी आहे. २०१५ मध्ये तिथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीहून भरतीची वेळ साधून होडीने पक्षी पाहता येतात.

आणि घरातल्या बायकांना, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून ठेवू नका. आमच्या दादीने आयुष्यभर समुद्र पाहिला होता तो पिशव्या सांभाळत. या वेळी पिशव्या मुलांनी धरल्या. हल्ली शेजारणी आल्या की ती त्यांना वाळूत बसून कसे पाहायचे ते समजावते, आणि शेवटी हटकून सांगते, “जायचं तर दोन रात्रींसाठी जा. पहिल्या रात्री आपण त्यांची वाट पाहायची असते.”